आमची वाटचाल: कोर्टाजवळचं टायपिंग सेंटर आणि ‘चांगला वकील कोणता?’

अंबाजोगाईत कोर्टापासून हाकेच्या अंतरावर आमचं दुकान आहे. टायपिंग, झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज, सातबारा, लॅमिनेशन, जे येईल ते. सासऱ्यांनी सुरू केलं तेव्हा दुकान म्हणजे गोदरेजचा मराठी टाईपरायटर, एक टेबल आणि कार्बन पेपरची डबी. जमिनीच्या वादातले निजामाच्या अमदानीतले उर्दू कागदही तेव्हा यायचे, त्यांवर गावाचं नाव मोमिनाबाद. मामंजींना उर्दू येत नव्हतं, पण ते कुणाकडून वाचून घ्यायचं हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यावरच निम्मं दुकान चालायचं.

मी लग्न होऊन आले ती मराठी टायपिंगची परीक्षा पास होऊन. मामंजींनी दुसऱ्याच आठवड्यात मशीनवर बसवलं. खालच्या कोर्टातलं काम मराठीत चालतं, त्यामुळे जामीन अर्जाचा साचा बोटांत बसायला वेळ लागला नाही: वर कोर्टाचं नाव, डावीकडे अर्जदार-आरोपीचं नाव, वय, धंदा शेती, मग ‘विरुद्ध महाराष्ट्र शासन’, खाली पोलीस ठाणे, गुन्हा रजिस्टर नंबर, कलमं. पाचव्या कार्बनपर्यंत अक्षर उमटलं पाहिजे म्हणून टाईपरायटरचं बटण जोरात मारायचं. नंतर कॉम्प्युटर आला, ‘सुरेख’ फॉन्ट आला. इथे टाइप केलेली फाइल वकीलसाहेबांच्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसती वेडीवाकडी चिन्हं. ते दुखणं युनिकोड आल्यावर गेलं.

सगळ्यात मोठा हादरा मात्र १ जुलै २०२४ चा. बांधावरच्या मारामारीची ३२४, ३२३, ५०४, ५०६ सह ३४ ही कलमं इतकी पाठ होती की मान वर न करता टाइप व्हायची. भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि त्यांची ११८(१), ११५(२), ३५२, ३५१ आणि ३(५) झाली. ३०२ म्हणजे खून हे पोराटोरांनाही माहीत. आता खून १०३ मध्ये गेला आणि ३०२ खाली धार्मिक भावना दुखावणारे शब्द आले. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच कलमं लागतात, म्हणून जुन्या-नव्या कलमांचा तक्ता काचेखाली ठेवलाय. नवे वकीलही येऊन त्यावर नजर टाकून जातात, कुणाला न सांगता.

पण आमच्या दुकानाची खरी कसोटी टायपिंगची नाही. सकाळी शटर वर करावं तर पायरीवर कुणीतरी बसलेलं असतं. बहुतेक वेळा आई, बायको किंवा भाऊ. ‘ताई, आमच्या लेकराला रातच्याला नेलंय. चांगला वकील कोन हाय?’ बायकांना पुरुषांच्या टेबलापेक्षा माझ्याशी बोलणं सोपं जातं, त्यामुळे हा प्रश्न दिवसाआड माझ्याच वाट्याला येतो.

मामंजींच्या काळापासून नियम एकच: वकिलाचं नाव सांगायचं नाही. कोर्टातले सगळे वकील आमचे गिऱ्हाईक. एकाचं नाव घेतलं की बाकीचे पुढच्या गल्लीत झेरॉक्स काढणार, हा झाला धंद्याचा भाग. दुसरी गोष्ट एजंटांची. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही, काम मागत फिरता येत नाही. घाबरलेल्या माणसाला मग विचारायचं कुणाला? ती जागा कोर्टाच्या आवारात, चहाच्या टपरीवर घुटमळणारे लोक भरून काढतात. त्यातल्या एकाने आम्हालाही सांगून पाहिलं होतं: तुम्ही फक्त माणूस पाठवा, तुमचं पाकीट महिन्याला पोहोचेल. मालकांचा, म्हणजे आमच्या ह्यांचा, जीव थोडा वर-खाली झाला, कारण त्या वर्षी स्कॅनरचे हप्ते चालू होते. मी नाही म्हणाले. ज्या वकिलाला माणसं विकत घ्यावी लागतात, तो ते पैसे वसूल करणार त्या बाईच्या गळ्यातल्या मण्यांतूनच.

नाव सांगत नाही, पण खुर्ची देते, पाणी देते आणि एक कोरा कागद पुढे ठेवते. त्यावर आधी लिहून काढायचं: कोणत्या पोलीस ठाण्याने नेलं, किती वाजता, गुन्हा नंबर काय, कलमं कोणती. एवढं माहीत नसताना वकिलाकडे गेलं तर तोही अंधारातच बोलणार. अटक केलेल्याला कुठे ठेवलंय हे घरच्यांना किंवा तो सांगेल त्या माणसाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. अटकेची कारणंही द्यावी लागतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ती कोणत्याही गुन्ह्यात लेखी आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत हवीत, अगदी लगेच जमलं नाही तरी रिमांडसाठी, म्हणजे कोठडी ठरवायला, कोर्टात उभं करण्याच्या किमान २ तास आधी. तो कागद आणि एफआयआर हातात आला की निम्मा गोंधळ उतरतो. संवेदनशील गुन्हे सोडले तर एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर येते, ती आम्ही काढून देतो.

घड्याळ अटकेपासून चालू झालेलं असतं. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं, हे घटनेच्या २२ व्या अनुच्छेदातच आहे, आणि आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घ्यायचा हक्कही त्याच अनुच्छेदात. लोक इथेच गडबडतात. त्यांना एका दुपारी जन्माचा वकील निवडायचा असतो. मी सांगते, आज दुपारच्या रिमांडला उभा राहणारा वकील आणि पुढे खटला चालवणारा वकील एकच असला पाहिजे असं कुठे आहे? आज पोलिसांनी पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मागितला तर विरोध करणारा, अंगावर मार असेल तर तो न्यायाधीश साहेबांच्या नजरेला आणून मेडिकलला पाठवा म्हणणारा माणूस हवा. खटल्याचा वकील आठ दिवसांनी, चार ठिकाणी विचारून ठरवता येतो.

आजच्यासाठी पैसे नसतील तर सरकारी खर्चाने वकील मिळतो. कोठडीतल्या माणसाला मोफत विधी सहाय्याचा हक्क आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांनाही तो मिळतो. तालुक्याला विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला प्राधिकरण, आणि २०२२ पासून लोक अभिरक्षक कार्यालयं सुरू झाली. तिथले वकील आरोपींच्या बचावाचंच काम पूर्णवेळ करतात. फोन करायचा तर १५१००. ‘फुकटचा वकील काय लढणार’ असं म्हणणारे पुष्कळ. मी त्यांचे अर्ज टाइप केलेत, स्कॅन केलेत. पैसे घेऊन तारखेला गैरहजर राहणाऱ्यांपेक्षा त्यांचं काम मला बरं वाटतं.

खटल्याच्या वकिलाची गोष्ट निघाली की गावाकडून एक ठरलेला सल्ला आलेला असतो: मोठा वकील लावा, संभाजीनगरचा. उच्च न्यायालयाचं खंडपीठ १९८१ साली तिथे झालं, त्याआधी मराठवाड्यातल्या माणसाला मुंबई गाठावी लागायची, त्यामुळे संभाजीनगर म्हणजे मोठं हे डोक्यात पक्कं बसलंय. पण मॅजिस्ट्रेटसमोरचा रिमांड, सत्र न्यायालयातला जामीन, तपास अधिकाऱ्याचा से, म्हणजे लेखी म्हणणं, कधी येणार, सरकारी वकील कुठल्या मुद्द्यावर अडणार, हे सगळं रोज याच आवारात असणाऱ्याला कळतं. सत्र न्यायालयाने जामीन फेटाळला तर खंडपीठ आहेच. त्यासाठी पहिल्याच दिवशी बैल विकायची गरज नसते.

याच्या उलटही घडतं. धारूर तालुक्यातल्या एका ऊसतोड कुटुंबाचा पोरगा उचलीच्या पैशांवरून झालेल्या मारामारीत पश्चिम महाराष्ट्रात अटक झाला. चुलता इथे वकील शोधत आला होता. त्याला सांगितलं, तात्या, कोर्ट तिकडे, ठाणं तिकडे, तारखा तिकडे. इथला वकील दर तारखेला गाडीभाडं घेऊन जाणार आणि एक दिवस जाणारच नाही. तिकडच्या विधी सेवा प्राधिकरणाला इथूनच फोन लावून दिला.

वकिलाला काय विचारायचं, हे लोकांना सुचत नाही. समोर काळा कोट दिसला की हात आपोआप जोडले जातात. विचारा की साहेब, फौजदारीत तुमची कामं किती, की जमिनीचे दावेच जास्त? तारखेला तुम्ही स्वतः येणार की ज्युनिअर? ई-कोर्ट्सच्या अॅपवर वकिलाचं नाव टाकलं तर त्या कोर्टातल्या त्याच्या केसेस दिसतात. त्यात जामिनाची कामं आहेत की नाहीत, हे कुणालाही पाहता येतं. संख्या जास्त म्हणजे वकील चांगला असं नाही, पण एकही दिसली नाही तर विचारायला हवं.

फी कशाची, हेही तिथेच स्पष्ट करून घ्यावं. जामिनापुरती, चार्जशीटपर्यंतची, की निकालापर्यंतची? पावती मागितली तर चांगला वकील रागावत नाही. निकालावर अवलंबून फी ठरवायला वकिलांना मनाई आहे. ‘संध्याकाळपर्यंत बाहेर काढतो, गॅरंटी’ म्हणणाऱ्याकडून आणि ‘वरती साहेबांना द्यावे लागतात’ म्हणणाऱ्याकडून उठून यावं.

माझ्या मते सगळ्यात उपयोगी प्रश्न दिवसांचा आहे. गुन्ह्याच्या शिक्षेप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र, म्हणजे चार्जशीट, आलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. पण दोषारोपपत्र दाखल होण्याआधी अर्ज द्यावा लागतो. पोलीस कोठडीचं गणितही नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत बदललंय. एकूण १५ दिवसच, पण ते सलग नसले तरी चालतात, पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यांनी मागता येतात. म्हणजे एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाला म्हणून निर्धास्त राहता येत नाही. ‘साहेब, आपला साठावा दिवस कधी?’ असं विचारल्यावर जो वकील डायरी उघडून तारीख सांगतो, त्याच्याकडे मी माझा स्वतःचा भाऊ पाठवीन.

बांधाच्या भांडणात बाप, दोन मुलं आणि चुलता असे चौघे एकाच गुन्ह्यात येतात. खर्च वाचावा म्हणून चौघांचा एकच वकील. पुढे धाकटा म्हणतो, मी तर त्या दिवशी परळीला होतो, काठी दादाच्या हातात होती. आता वकील कुणाचं बोलणार? धाकट्याला वाचवलं तर थोरला अडकतो. अशा वेळी मी बोलत नाही, फक्त ‘प्रत्येकाचं म्हणणं वेगळं आहे का, हे घरी बसून आधी बघा’ एवढंच सांगते. घरात भांडण लावून दिल्याचा आरोप मला नको.

वकीलपत्र कोरं सही करून देऊ नये. आतल्या माणसाची सही तुरुंग अधिकाऱ्यामार्फत होऊन येते. वकील बदलायचा झाला तर आधीच्याची ना-हरकत घेण्याची रीत आहे. पण फी बाकी आहे म्हणून फाइल अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितलंय. हे वाक्य मी काही वकीलसाहेबांसमोर बोलत नाही, धंदा करायचाय.

जामीन मंजूर झाला की आमची खरी धावपळ. जामीनदाराचा सातबारा, आठ-अ, आधार, फोटो, कुठे ऐपतीचा दाखला. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो, पण पिकाची नोंद नाही, नावात फरक आहे, बोजा चढलेला आहे, असं काहीतरी निघतंच. पैसे घेऊन कुणाचाही जामीन राहणारी माणसंही आवारात भेटतात. कुणी त्यांना घेऊन आलं तर आम्ही त्यांचे कागद करत नाही. गिऱ्हाईक चिडून जातं.

आता मुलगी ई-फायलिंग सांभाळते. अर्ज स्कॅन करून पीडीएफ वकिलांच्या मोबाइलवर पाठवायचं काम तिचंच. मशीनवरचा आवाज गेला, पण गर्दी तेवढीच आहे. अटक शनिवारी रात्री झाली तरी २४ तासांची अट सुटत नाही, रविवारीही ड्युटीवरच्या मॅजिस्ट्रेटसमोर रिमांड होतो. म्हणून सोमवार ते शनिवार पूर्ण वेळ आणि रविवारी ११ ते २ दुकान उघडं असतं. रविवारी लॅमिनेशन आणि लग्नपत्रिका घेत नाही.