पहाटेचा ब्लू अलर्ट

4 ऑक्टोबर 2024 रोजी पहाटे पाचला दहा मिनिटे कमी असताना ह्यूस्टनमधल्या आमच्या घरातले दोन्ही फोन एकदम केकाटले. आदल्या दिवशीच घट बसले होते. साताऱ्याहून आलेल्या सासूबाईंना वाटले की नंदादीपामुळे काहीतरी पेटले आणि धुराचा भोंगा वाजला, म्हणून त्या अंधारात चाचपडत थेट देवघराकडे गेल्या. दिवा शांतपणे तेवत होता. फोनवर मात्र हॉल काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) पोलिसावर गोळ्या झाडून पसार झालेल्या संशयिताची माहिती होती. "जवळच आहे का गं हे गाव?" त्यांनी विचारले. नकाशा उघडून पाहिला, तर ते टेक्सासच्या उत्तर टोकाकडे, मोटारीने निघाल्यास दिवस खर्ची पडेल इतके दूर निघाले.

या सूचनेला 'ब्लू अलर्ट' म्हणतात. हरवलेल्या मुलांसाठीच्या अँबर अलर्टच्या धर्तीवर फ्लोरिडा आणि टेक्सास या राज्यांनी 2008 मध्ये ती सुरू केली. पोलीस मारला गेला किंवा गंभीर जखमी झाला आणि हल्लेखोर मोकाट आहे, कर्तव्यावरचा पोलीस बेपत्ता आहे, किंवा पोलिसाच्या जिवाला तातडीचा आणि विश्वासार्ह धोका आहे, अशा प्रसंगी ती द्यायची असते. देशभरातल्या अशा सूचनांचा मेळ घालणारा कायदा 19 मे 2015 रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या सहीने झाला, आणि त्याला राफाएल रामोस व वेनजियान लिऊ या न्यूयॉर्कच्या दोन पोलिसांची नावे देण्यात आली.

त्या दोघांची हकिकत वाचताना मला नेहमी एक गोष्ट खटकते. 20 डिसेंबर 2014 रोजी सकाळी एका माणसाने बाल्टिमोरजवळ आपल्या पूर्वीच्या मैत्रिणीवर गोळी झाडली, पोलिसांना मारण्याची धमकी इन्स्टाग्रामवर टाकली आणि न्यूयॉर्क गाठले. बाल्टिमोरकडच्या पोलिसांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या ठाण्याला फोन केला, फॅक्सही पाठवला. पण तो फॅक्स पोहोचण्याच्या सुमारासच, दुपारी पावणेतीन वाजता, ब्रुकलिनमधल्याच बेडफर्ड-स्टायव्हसंट वस्तीत उभ्या असलेल्या गस्तीच्या गाडीत त्या दोघांना गोळ्या घालण्यात आल्या. हल्लेखोराने लगेच भुयारी रेल्वेच्या स्थानकात शिरून स्वतःलाही संपवले. म्हणजे नंतर शोधण्यासारखे कोणी उरलेच नव्हते, आणि आधी जी बातमी पोहोचायला हवी होती ती एका पोलीस खात्याकडून दुसऱ्या पोलीस खात्याकडे आणि तिथून त्या गाडीपर्यंत. सामान्य माणसाच्या उशाशी असलेल्या फोनचा या दुखण्याशी संबंध अगदीच दूरचा आहे.

पुढे डिसेंबर 2017 मध्ये फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने (रेडिओ, टीव्ही आणि फोनसेवांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने) ब्लू अलर्टसाठी स्वतंत्र संकेत मंजूर केला आणि 2019 पासून रेडिओ-दूरदर्शनबरोबर मोबाइलवरही या सूचना देण्याची वाट मोकळी झाली. महामार्गावरच्या फलकावर झळकणारा संशयिताच्या गाडीचा नंबर समोरून जाणाऱ्या चालकाच्या उपयोगाचा असतो, हे मला मान्य आहे. त्या ऑक्टोबरमध्ये जखमी झालेले मेम्फिस नावाच्या छोट्या गावचे पोलीस प्रमुख होते (टेनेसीचे प्रसिद्ध मेम्फिस वेगळे), आणि तिथल्या रहिवाशांना जागे करणे रास्तच होते. पण शेकडो मैलांवर झोपलेल्या लोकांनी अंथरुणातून कोणाला ओळखायचे? कमिशनकडे हजारो तक्रारी गेल्या, त्या पोलिसांच्या द्वेषापोटी गेल्या असे मला वाटत नाही.

तक्रारींपेक्षा मला काळजी वाटते ती त्या दिवशी लोकांनी चिडून बंद केलेल्या कळीची. फोनमध्ये ब्लू अलर्टसाठी वेगळी कळ नसते. तो बंद करायला गेले की त्याच वर्गातल्या इतर इशाऱ्यांवरही पाणी सोडावे लागते. आमच्याकडेही तेच झाले. सकाळी चहाच्या वेळी नवऱ्याने अभिमानाने सांगितले की आता पुन्हा झोपमोड होणार नाही. मी त्याला 16 मेची संध्याकाळ आठवून दिली, जेव्हा शहराच्या मध्यभागातल्या उंच इमारतींच्या काचा फोडणारे वादळ आले होते आणि आम्ही फोनवरचा इशारा वाचून जिन्याखालच्या कपाटात बसलो होतो. त्याने काही न बोलता फोन माझ्याकडे सरकवला आणि मी ती कळ पुन्हा चालू केली. तेव्हापासून त्याचा फोन रात्री स्वयंपाकघरात, मिक्सरशेजारी चार्जिंगला असतो.