रडणं बारीक झालंय

नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला की सगळ्यात आधी कळतं त्याच्या आईला. "सिस्टर, लेकरू कालपासून दूध ओढून नाही राहिलं. रडणंही बारीक झालं." चंद्रपूर जिल्ह्यात उपकेंद्रावर नर्स होते, तेव्हा हे मी कितीदा ऐकलं. आमच्या मासिक अहवालात मात्र त्याला रकाना नव्हता. रकाने होते लसीकरणाचे, प्रसूतीचे, नसबंदीचे. अहवाल वर जायचा, त्यावरून पुढची उद्दिष्टं ठरायची आणि आईचं म्हणणं अंगणातच राहायचं.

शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत जे केलं, त्याचं मोल मला म्हणूनच फार वाटतं. त्यांनी गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायांना आरोग्यदूत केलं. १९९५-९६ मध्ये या बायांनी घरोघरी जाऊन बाळं पाहिली, तपासली, लिहून ठेवलं. त्या नोंदींतून संसर्ग ओळखण्याची लक्षणं पक्की झाली. रडणं क्षीण होणं आणि दूध ओढणं कमी होणं ही त्यांतलीच दोन. आईला जे दिसत होतं, ते आता मोजता येणारं निदान झालं. मग त्याच बाया जेंटामायसिन या जंतुनाशक औषधाचं इंजेक्शन द्यायला शिकल्या, जन्मतः गुदमरलेल्या बाळाला श्वास द्यायला शिकल्या. नवजात मृत्यूदर हजारी ६२ वरून २५.५ वर आला. डिसेंबर १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि जगाने दखल घेतली.

२०११ मध्ये केंद्र सरकारने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर आणला. आशाताईंच्या ठरलेल्या भेटी, वजनकाटा, थर्मामीटर, धोक्याची लक्षणं, सगळं आलं. इंजेक्शन तेवढं आलं नाही. आशाताईने लक्षण ओळखायचं आणि बाळाला दवाखान्यात पाठवायचं. २०१४ मध्ये काही विशिष्ट परिस्थितीत नर्सला जेंटामायसिन द्यायची मुभा मिळाली, आशाताईला नाहीच.

आशाताईच्या हाती इंजेक्शन द्यायची डॉक्टरांना भीती वाटत होती आणि ती निराधार नव्हती. या औषधाचा डोस चुकला तर मूत्रपिंडाला आणि कानाला इजा होते. सर्चच्या बायांवर कसून देखरेख होती; रिकाम्या पदांच्या आरोग्य केंद्रातून तशी देखरेख कशी होणार, हा प्रश्न खराच आहे. प्रशासनाला हे अनुभवाने माहीत असतं आणि तेही ज्ञानच. पण देखरेख जमत नसेल तर ती जमवायची असते. आपण सोपं ते केलं, इंजेक्शनच काढून टाकलं. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की 'दवाखान्यात न्या' हा सल्ला त्या आईच्या काय कामाचा? आणि नाला कधी चढतो, कोणत्या घरून बैलगाडी मिळते, कोणती सासू बाळाला बाहेर काढू देत नाही, हे आशाताईइतकं कुणाला ठाऊक असतं?

तरी नवा फॉर्म छापून झाल्यावरच तो तिच्या हातात पडतो. भरायचा कसा, एवढंच तिला शिकवतात. फॉर्मचा मसुदा ठरतो त्या बैठकीत दुर्गम गावांतल्या चार-पाच आशाताईंना बसवा, त्या दिवसाचा मोबदला द्या, आणि त्या म्हणतील ते रकाने त्यात घाला.