गिअर लिव्हरचा झोल: इंजिन खोलण्याआधी बाहेर बघा

मोटरसायकलला दुसरा गिअर टाकला तरी मधेच न्यूट्रल लागतं, न्यूट्रल शोधायला चार वेळा पाय हलवावा लागतो, लिव्हर बोटभर हलल्यावर कुठं गिअर पडतो. अशी गाडी गॅरेजला गेली की इंजिन खोलायची भाषा सुरू होते. ज्या गाडीत पायाखालची लिव्हर आणि इंजिनातून बाहेर आलेला गिअर शाफ्ट यांच्यामध्ये रॉड असतो, तिथे ही लक्षणं बहुतेक वेळा बाहेरच्या जोडांच्या झिजेची असतात आणि ते काम एका दुपारचं आहे.

आपल्याकडे हे जोड लवकर का जातात, याचं उत्तर जमिनीत आहे. रॉडच्या दोन्ही टोकांना गोल डोक्याचे जोड असतात, म्हणजे बॉल जॉइंट. त्यांच्यावर रबरी टोपी असते. ती फाटली की पाणंद रस्त्यावरचा काळा गारा आत शिरतो, ग्रीसमध्ये कालवला जातो आणि वाळला की पॉलिश पेपरचं काम करतो. उन्हाळ्यात तेच काम फुफाट्याची धूळ करते. वर सर्व्हिसिंगला प्रेशरचं पाणी थेट त्या जोडावर मारलं जातं, ग्रीस धुऊन जातं आणि परत कोणी लावत नाही.

थोडी झीज पायाला एवढी का जाणवते, तेही समजून घ्या. लिव्हर ज्यावर फिरते त्या खिळ्यापासून पायाचं टोक साधारण १२० मिमी आणि रॉडचा जोड ३५ मिमीवर धरला, तर जोडातली झीज पायाशी जवळजवळ साडेतीन पट होऊन येते. दोन्ही जोड अर्धा-अर्धा मिमी झिजले की पायाला सरळ साडेतीन मिमी झोल. त्यात लिव्हरच्या भोकातला बुश (खिळ्यावर फिरणारी धातूची नळी) आणि शाफ्टवर आर्म धरून ठेवणारे दाते यांची ढिलाई मिळवली की गिअर पुरता बसायच्या आत पायाची चाल संपते.

आता झोल नेमका कुठं आहे ते शोधायचं. इंजिन बंद, गाडी डबल स्टँडवर. एका हाताने लिव्हर अगदी हळू वरखाली करायची, दुसऱ्या हाताची बोटं एकेका जोडावर ठेवायची. लिव्हर हलते पण रॉड हलत नाही, तर लिव्हरकडचा जोड. रॉड हलतो पण शाफ्टवरचा छोटा आर्म हलत नाही, तर शाफ्टकडचा. आर्म हलतो आणि शाफ्ट जागेवरच, तर दाते मेले किंवा आर्मला शाफ्टवर आवळणारा क्लॅम्पचा बोल्ट ढिला. शाफ्टच्या टोकावर खडूची रेघ मारून बघितली की यात चूक होत नाही. लिव्हर बाजूला, म्हणजे इंजिनाकडे-बाहेर हलत असेल तर तिचा बुश गेला. आणि शाफ्ट पूर्ण फिरतो तरी गिअर पडत नाही, तरच इंजिनाच्या आत बघायचं, तेही क्लचची केबल नीट लावून झाल्यावर. क्लच पूर्ण सुटत नसला तरी गिअर असाच त्रास देतो.

एक दोष मात्र झोलाच्या उलटा असतो. लिव्हरचा खिळा गंजून किंवा गारा वाळून जाम झाला की लिव्हर स्वतःहून मधल्या जागी परत येत नाही. प्रत्येक गिअरनंतर ती परत आली तरच आतला पंजा पुढचा दात पकडतो. म्हणून पायाने उचलून आणल्यावर गिअर पडत असेल, तर आधी खिळा काढा, रॉकेलने धुवा, बारीक पॉलिश पेपर मारा, ग्रीस लावून परत बसवा.

रॉड काढण्याआधी दोन गोष्टी करा. एका जोडाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. शाफ्टवर आणि आर्मवर पंचने समोरासमोर टिंब मारा. रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात, त्यामुळे त्या बाजूचा चेकनटही, म्हणजे जोड जागेवर पक्का धरणारा नटही, उलटा सुटतो. हे लक्षात न घेता जोर लावला की आटे जातात. जुना जोड सोबत घेऊनच दुकानात जा. बऱ्याच गाड्यांत ६ मिमीचे आटे असतात, पण डोक्याचा आकार आणि मानेची लांबी वेगळी निघते. एकच जोड झिजलेला दिसला तरी दोन्ही बदला, दोघांनी खाल्लेली माती एकच आहे. नवीन जोड रॉडमध्ये किमान ६ मिमी आत गेला पाहिजे. त्याहून कमी आट्यांवर तो लटकत राहिला तर एक दिवस रस्त्यातच निखळणार.

शाफ्टवरच्या आर्मचा बोल्ट नुसता ढिला करून आर्म निघत नाही. शाफ्टला त्या जागी खाच असते आणि बोल्ट तिच्यातून जातो, तो पूर्ण बाहेर काढावा लागतो. मग आर्मच्या फटीत चपटा स्क्रू ड्रायव्हर हलका फिरवून आर्म ओढायचा. हातोडी नको, तिचा मार शाफ्टवरून आतपर्यंत जातो. आता दाते बघा. शाफ्ट सहसा कडक केलेला असतो, आर्म त्यामानाने मऊ, म्हणून आधी आर्मचे दाते जातात. आर्म स्वस्त आहे, बदलून टाका. बोल्ट आवळल्यावर फट पूर्ण मिटत असेल तर पकड राहिलेलीच नाही, कितीही आवळा. हेक्सा ब्लेडने फट रुंद करणं किंवा दात्यांत पत्र्याची पट्टी घालणं हे शेतातून घरी येण्यापुरतं ठीक.

शाफ्टला आर्म वेल्डिंग करू नका. तालुक्याच्या प्रत्येक चौकात हे दहा मिनिटांत करून मिळतं, म्हणूनच कळकळीने सांगतोय. उष्णतेने मागचं ऑइल सील जळतं आणि ऑइल गळायला लागतं. शाफ्टचा कडकपणा जातो. नव्या गाडीत बॅटरी न सोडता वेल्डिंग केलं तर इलेक्ट्रॉनिक भागही जाऊ शकतात. आणि बऱ्याच गाड्यांत पुढच्या चेन स्प्रॉकेटचं कव्हर आर्म काढल्याशिवाय निघत नाही, म्हणजे पुढच्या चेनसेटला सगळं ग्राइंडरने कापावं लागणार. शाफ्टचेच दाते गेले असतील तर शाफ्ट बदलणंच खरं. तो बऱ्याच मॉडेलमध्ये क्लचच्या बाजूने निघतो, तेव्हा ऑइल, गॅस्केट आणि सीलचा खर्च धरून ठेवा.

लिव्हरचा बुश बाजारात मिळाला नाही तर लेथवाल्याकडून गनमेटलचा करून घ्या. खिळ्यापेक्षा आतलं भोक ०.०५ ते ०.१ मिमी मोठं आणि बाहेरून लिव्हरच्या भोकात ठोकून घट्ट बसेल असा. खिळाच एका बाजूने झिजून अंडाकार झाला असेल तर आधी तो बदला, नाहीतर नवा बुश काही महिन्यांत तसाच होईल.

जोडताना टिंबं जुळवा, रॉड मोजलेल्या लांबीला आणा आणि मग चेकनट ढिले ठेवून, रॉड फिरवून बुटाला सोयीची उंची ठरवा आणि चेकनट आवळा. साधारणपणे लिव्हरचं टोक फूटरेस्टच्या पातळीला असावं. मात्र न्यूट्रलमध्ये आर्म आणि रॉड यांच्यात शक्य तितका काटकोन राहू द्या. कोन फार बिघडला तर वरचे गिअर सहज पडतात आणि खालचे अडतात, किंवा उलट. उंची जास्त बदलायची असेल तर रॉड ओढाताण न करता आर्म एक दात सरकवा. क्लॅम्पच्या ६ मिमीच्या बोल्टला १० न्यूटन मीटरच्या आसपास ताण पुरतो, म्हणजे दहा नंबरचा आखूड रिंग पाना, मनगटाचा जोर. पान्याला पाइप लावला की बोल्टचे आटे गेलेच.

तपासणी इंजिन चालू न करता होते. मागचं चाक हाताने फिरवत एकेक गिअर टाका. चाक थांबलेलं असताना गिअर न पडणं हा दोष नाही, आतले दाते समोरासमोर आले की ते अडतातच. सगळे गिअर वरखाली पडले की १०० किमी चालवून क्लॅम्पचा बोल्ट आणि दोन्ही चेकनट पुन्हा तपासा. त्यानंतर पेरणीच्या आधी एकदा आणि पावसाळा उघडल्यावर एकदा रबरी टोप्या उचलून एपी ३ (ऑल पर्पज) ग्रीस भरा.