शिक्का बसलेलं तिकीट

तिकिटं जमवणाऱ्यांत दोन पंथ आहेत. एका पंथाला तिकीट कोरं लागतं. पाठचा गोंद शाबूत, चारही कडांचे दात जागच्या जागी, बोटाचा ठसासुद्धा नको. दुसऱ्या पंथाला वापरलेलं चालतं, किंबहुना तेच हवं असतं. मी दुसऱ्या पंथातला. ज्या तिकिटाने कुणाचंच पत्र कुठे पोचवलं नाही, ते माझ्या लेखी नुसतं छापील चित्र. सुरेख असेलही, पण अजून कामावर रुजू झालेलं नाही.

कोऱ्या पंथाचं सोवळं भलतंच कडक. पूर्वी तिकिटं अल्बमात चिकटवायला पातळ कागदाची हिंज वापरत. आता त्या हिंजचा पुसटसा डाग गोंदावर दिसला तरी जाणकार नाक मुरडतात आणि किंमत घसरते. म्हणजे जो गोंद मुळात जिभेने ओला करण्यासाठी लावला, त्याला जन्मभर ओल लागू नये म्हणून ही माणसं जिवाचं रान करतात. देवळाची घंटा वाजू नये म्हणून तिला फडकं गुंडाळण्यातलाच हा प्रकार.

वापरलेल्या तिकिटाचं सुख पाण्यापासून सुरू होतं. पाकिटाचा कोपरा तिकिटासकट कापायचा आणि कोमट पाण्यावर अलगद सोडायचा. घाई करायची नाही. आधी कागद फुगतो, मग तिकिटाची एक कड सुटते, आणि थोड्या वेळाने ते आपल्या आपण कागदावरून घसरतं. ओढून काढलं तर पाठीची साल निघते आणि सगळं मुसळ केरात. तिकीट सुटलं तरी पाठ बुळबुळीत लागते, म्हणजे गोंद अजून उरलेला असतो. मग दुसऱ्या पाण्यातून एकदा काढायचं, चिमट्याने उचलायचं आणि टिपकागदावर पालथं घालायचं. वाळताना ते गुंडाळी होतं, म्हणून वर एखादं जाडजूड पुस्तक ठेवायचं. लाल पाकीट असेल तर ते वेगळं भिजवायचं, नाहीतर त्याचा रंग उतरतो आणि बाकीची तिकिटं गुलाबी होऊन बाहेर येतात. हल्लीची स्टिकरसारखी तिकिटं मात्र अनेकदा पाण्याला दाद देत नाहीत. त्यांना कागदासकट कापून ठेवावं लागतं. मला ती आवडत नाहीत. चाटायची सोय नाही आणि सोडवायचीही नाही.

शिक्का आणि तिकीट यांचं वैर जन्मापासूनचं आहे. जगातलं पहिलं टपाल तिकीट म्हणजे ब्रिटनचं पेनी ब्लॅक, १८४० सालचं. टपालाचे पैसे पत्र घेणाऱ्याने नव्हे, पाठवणाऱ्याने आधीच भरावेत, आणि दर अंतरावर नव्हे, वजनावर ठरावा, या रोलंड हिल यांच्या खटपटीतून ते आलं. काळ्या तिकिटावर तरुण व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा आणि त्यावर लाल शाईचा फुलीसारखा शिक्का. दिसायला फार देखणं, पण काळ्यावरचा तो लाल शिक्का लोक पुसून काढायचे आणि तिकीट पुन्हा लावायचे. शेवटी १८४१ मध्ये तिकीटच तांबूस-तपकिरी केलं आणि शिक्का काळा. तिकिटाचा रंग शिक्क्याच्या सोयीने ठरला, हे मला आमच्या पंथाच्या बाजूने फार मोलाचं वाटतं.

जगातल्या सर्वांत महागड्या तिकिटांपैकी एक घ्या. ब्रिटिश गयानाचं १८५६ सालचं एक सेंटचं किरमिजी तिकीट. इंग्लंडहून येणारी तिकिटं वेळेवर पोचली नाहीत, म्हणून ही तिथल्याच छापखान्यात छापून घेतली. काम इतकं सुमार झालं की कुणीही नक्कल करील अशी धास्ती वाटली आणि प्रत्येक तिकिटावर टपाल कारकुनाने आद्याक्षरं करायची असं ठरलं. आज त्याची एकच प्रत ठाऊक आहे. कोपरे कापलेले, रंग काळवंडलेला, त्यावर सही आणि सहीवर शिक्का. १८७३ मध्ये एका बारा वर्षांच्या मुलाला ते घरातल्या जुन्या कागदांत सापडलं आणि त्याने सहा शिलिंगांना विकून टाकलं. २०१४ साली न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला सुमारे ९५ लाख डॉलर आले. घेणारे होते बुटांचे डिझायनर स्टुअर्ट वाइट्झमन. त्यांनी काय करावं? तिकिटाच्या पाठीवर उंच टाचेच्या बुटाचं चित्र काढलं! आधीच्या मालकांनीही पाठीवर आपापल्या खुणा करून ठेवल्याच होत्या. इकडे आम्ही हिंजच्या डागाचं सुतक पाळतो.

जर्मनीची १९२३ सालची तिकिटं तर आमच्या पंथाचा ग्रंथच म्हणावीत. मार्कची किंमत रोज कोसळत होती. नवं तिकीट छापून येईपर्यंत टपालाचा दर त्याच्या पुढे निघून जाई. मग जुन्याच तिकिटांवर नवे आकडे छापायचे, आधी हजारांचे, मग लाखांचे, पुढे कोटींचे. आकडा चढत चढत ५० अब्ज मार्कांपर्यंत पोचला. त्यातली बरीच तिकिटं जेमतेम काही दिवस चालली. छापली रग्गड, पत्रावर लागली थोडी. त्यामुळे आज त्यांतली कितीतरी कोरी तिकिटं कवडीमोलाने मिळतात आणि खऱ्या टपालात, त्याच दिवसांत वापरलेली मात्र महाग. हे कळताच लबाडांनी खरी तिकिटं घेऊन त्यांवर खोटे शिक्के मारायचा धंदा काढला. म्हणून ती घेण्याआधी तज्ज्ञाकडून तपासून घेतात, आणि तपासायचा असतो तो शिक्का.

एक गोष्ट मात्र मोकळ्या मनाने मान्य करतो. शिक्का रसिक नसतो. अमेरिकेने १८९३ मध्ये कोलंबसाच्या सफरीवर तिकिटांचा संच काढला. एक सेंटच्या तिकिटावर त्याला दुरून किनारा दिसतो आहे आणि तो गुळगुळीत दाढी केलेला आहे. दोन सेंटच्या तिकिटावर तो किनाऱ्यावर पाऊल ठेवतो आहे आणि त्याला भरघोस दाढी आहे. जमीन दिसल्यापासून उतरेपर्यंत एवढी दाढी! दोन वेगळ्या चित्रकारांच्या चित्रांवरून तिकिटं केल्याचा हा परिणाम. आता काळा शिक्का नेमका हनुवटीवर बसला तर ही सगळी मजाच जाते, आणि बहुतेक वेळा तो तिथेच बसतो.

आता फर्स्ट डे कव्हर. नवं तिकीट निघालं की त्याच दिवशी खास पाकिटावर ते लावतात, त्या दिवसाचा खास शिक्का मारतात आणि पाकिटाच्या डाव्या बाजूला विषयाला साजेसं चित्र छापतात. तिकीट स्वच्छ, शिक्का गोल आणि सुबक, अर्धा तिकिटावर, अर्धा पाकिटावर. आत पाकीट वाकू नये म्हणून घातलेला पुठ्ठा. पत्ता नाही, असलाच तर पेन्सिलीने लिहिलेला, पुढे खोडता यावा म्हणून. म्हणजे सगळा जामानिमा टपालाचा, आणि टपाल तेवढं नाही. दाखवायचे दात म्हणतात ते हेच.

मुळात पहिल्या दिवसाची पाकिटं कुणी मुद्दाम करत नव्हतं. पेनी ब्लॅक १ मे १८४० ला विक्रीला आलं, पण वापरायचं होतं ६ मेपासून. तरीही २ मेचा शिक्का असलेली पाकिटं सापडली आहेत. कुणाला धीर धरवला नाही, कुणाला नियम ठाऊक नव्हता, आणि काउंटरपलीकडच्या माणसानेही मुकाट शिक्का मारला. माझ्या मते जगातली उत्तम फर्स्ट डे कव्हरं तीच, उतावळेपणातून झालेली. नंतर हौस आली. १९२३ साली अमेरिकेचे अध्यक्ष वॉरन हार्डिंग वारले. त्यांच्या स्मरणार्थ १ सप्टेंबरला काळं तिकीट निघालं, तेव्हा जॉर्ज लिन नावाच्या तिकीटप्रेमी मुद्रकाने काळ्या किनारीची पाकिटं छापली आणि कारण पाकिटावरच छापलं. पाकिटावरचं छापील चित्र किंवा मजकूर रूढ झाला तो तिथून. सुरुवात सुतकाची, पण पुढे तो उत्सवच झाला.

उत्सवाला धंद्याची वाट लगेच सापडते. काही देशांनी तर कागदाचे ताव छापखान्यातून आल्याबरोबर कोपऱ्या-कोपऱ्यांत नीट शिक्के मारून थेट व्यापाऱ्यांना विकायला काढले. असं तिकीट ओळखणं सोपं असतं. पुढे शिक्का असतो आणि पाठीला गोंद जसाच्या तसा. १९६०च्या दशकात आणि त्यानंतर अजमान, फुजैरा यांसारख्या छोट्या अमिरातींच्या नावाने इतकी तिकिटं निघाली की विचारू नका. वाळवंटातल्या त्या मुलखांच्या तिकिटांवर हिवाळी ऑलिम्पिकचे खेळाडू बर्फावरून घसरत होते! जाणते संग्राहक त्यांना हात लावत नाहीत. लहान मुलांना मात्र ती फार आवडतात, आणि माझ्या मते त्यांचंच बरोबर आहे.

भूतानचा अपवाद मी स्वतः करतो. १९६२ मध्ये त्या देशाने टपाल तिकिटं काढायला सुरुवात केली. बर्ट टॉड नावाच्या अमेरिकन गृहस्थांच्या डोक्यातून मग एकेक तऱ्हा निघाली. पोलादी पत्र्यावर छापलेली, रेशमावर छापलेली, हलवली की चित्राला खोली येणारी. आणि कळस म्हणजे गाणारी तिकिटं. अगदी छोट्या ग्रामोफोन तबकड्याच त्या, पाठीला गोंद. ग्रामोफोनवर ठेवून सुई टेकवली की भूतानची लोकगीतं ऐकू येतात, देशाची माहिती ऐकू येते. ती पत्रावर किती लागली असतील याबद्दल मला दाट शंका आहे, पण आमच्या पंथाचा नियम इथे मी गुंडाळून ठेवतो.

नियम मोडायला लावणारं दुसरं तिकीट निकाराग्वाचं, १९०० सालचं, मोमोतोंबो ज्वालामुखीचं. दोन महासागर जोडणारा कालवा निकाराग्वातून काढायचा की पनामातून, यावर अमेरिकेत खल चालला होता आणि निकाराग्वाचं पारडं जड होतं. फिलिप ब्युनो-वारिया या फ्रेंच इंजिनियरला कालवा पनामातूनच हवा होता. मे १९०२ मध्ये मार्टिनिक बेटावरचा ज्वालामुखी फुटला आणि सेंट-पिएर शहर बेचिराख झालं. निकाराग्वाकडून सांगण्यात येत होतं की आमच्याकडे असा काही धोका नाही. तेव्हा या गृहस्थांना ते तिकीट आठवलं. समोर धक्का, मागे मोमोतोंबो आणि त्याच्या तोंडातून निघणारा धूर. वॉशिंग्टनच्या तिकीट विक्रेत्यांकडून त्यांनी ती गोळा केली आणि नव्वदच्या नव्वद सिनेटरांना एकेक पाठवून दिलं. जूनमध्ये सिनेटने पनामाच्या बाजूने कौल दिला. एकट्या तिकिटाने तो फिरवला असं कुणी म्हणणार नाही, पण आपल्या डोंगराचा अभिमान असा अंगाशी आलेला देश दुसरा आठवत नाही. आणि ज्याने एवढं काम केलं ते तिकीट पत्रावरून नव्हे, विक्रेत्याच्या दुकानातून आलेलं होतं.

फर्स्ट डे कव्हर कुठे जात नाही असा माझा आरोप आहे, त्यालाही एक सणसणीत उत्तर आहे. २ ऑगस्ट १९७१ ला अमेरिकेत अवकाशातल्या कामगिरीवर आठ सेंटची जोडतिकिटं निघाली. त्याच दिवशी अपोलो १५चे कमांडर डेव्हिड स्कॉट चंद्रावर होते. फुगीर हातमोज्यांतल्या हातांनी, टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर, त्यांनी त्या तिकिटांच्या पाकिटावर तारखेचा शिक्का मारला. हे अधिकृत. पण त्याच सफरीत परवानगी न घेता सुमारे चारशे पाकिटं यानातून चंद्रापर्यंत जाऊन आली होती आणि त्यांतली शंभर पुढे एका जर्मन तिकीट व्यापाऱ्याकडे पोचायची होती. १९७२ मध्ये हे उघड झालं आणि गदारोळ झाला. यानातल्या तिघा अंतराळवीरांनी त्यापायी मिळालेले पैसे परत केले, पण ठपका बसायचा तो बसला. तिघांपैकी कुणीही पुन्हा अवकाशात गेलं नाही. तिकिटांच्या नादाने माणूस कुठवर जातो, याचं अंतर आम्हाला या प्रकरणामुळे नक्की सांगता येतं.

माझ्याकडेही फर्स्ट डे कव्हरं साठली आहेत. भेट म्हणून आलेली, अदलाबदलीत गळ्यात पडलेली. हल्ली मी त्यांना कामाला लावतो. आतला पुठ्ठा काढून टाकतो, खरंखुरं पत्र घालतो, पत्ता चांगला ठसठशीत शाईने लिहितो. आधीच्या तिकिटावर शिक्का बसलेला असतो, म्हणून शेजारी नवं तिकीट लावतो आणि पाकीट पेटीत टाकतो. त्यातलं पहिलं पाकीट एका कोऱ्या पंथातल्या मित्राला पाठवलं. त्याचा फोन आला.

"शाईने लिहिलास पत्ता? अरे, एवढं सुंदर कव्हर, वाट लावलीस!"

"पोचलं ना?"

"पोचलं. मागे इथल्या पोस्टाचाही शिक्का आहे. तसं म्हणशील तर आता जरा दुर्मीळच झालंय म्हणा."

"मग? पत्र कसं वाटलं?"

पत्र त्याने वाचलंच नव्हतं. आणि वाचणारही नाही. पाकीट फोडलं तर किंमत उतरेल ना.