संबळ अखेर पांढरी पाचला थांबला (आणि गणपती हुकला)

98. पुन्हा 98. सहाव्या मिनिटाला साडेशहाण्णव.

रविवारी रात्री लॅपटॉपवर संबळाच्या सुराचे हे आकडे बघितले आणि मी आणि आमचा बासवाला ओट्याला टेकून लहान मुलांसारखे हसत सुटलो. आत खोलीत, म्हणजे आमच्या बँडच्या घरच्या स्टुडिओत, संबळ वाजवणारे काका एकटेच वाद्य मांडीशी धरून बसलेले. त्यांना काही कळेना. त्यांनी काच ठोकून विचारलं, "चुकलं का काय माझं?"

मागच्या वेळी मी छातीठोकपणे लिहिलं होतं की सात गाणी बांधून झाली, फक्त 'भोंगा' उरलंय आणि गणपतीच्या आधी अल्बम बाहेर. ते वाक्य मी मागे घेतो. मधले साडेतीन आठवडे 'भोंगा'ने खाल्ले. त्यातही संबळाने. त्यातही संबळाच्या जोडीतल्या मोठ्या भांड्याने.

त्याआधी क्लिकचं, म्हणजे कानात एकसारखे ठोके देणाऱ्या मेट्रोनोमचं, भांडण मिटवावं लागलं होतं. काकांची लय मिनिटाला 92 ठोक्यांवर निघते आणि शेवटच्या कडव्यात 108 ला जाते. ते गोंधळाच्या रक्तातच आहे. क्लिक लावून वाजवून घेतलं की तेच हात, तीच काठी, पण देवी काही अंगात येत नाही. म्हणून ठरलं की आधी संबळ मोकळा वाजवून घ्यायचा, रीपर ह्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यावरून टेम्पोचा नकाशा काढायचा आणि बाकी सगळ्यांनी त्याच्या मागे चालायचं. ड्रमरने आठवडाभर तोंड फुगवलं, पण ऐकलं. पद्धत उत्तम. फक्त तिचा अर्थ असा झाला की पाया म्हणजे संबळ, आणि आम्ही पाया घालायला बसलो ऐन जुलैत, चिंचपोकळीत.

गाणं पांढरी पाचमध्ये (हार्मोनियमची पाचवी पांढरी पट्टी) आहे. मे महिन्यात नुसता अंदाज घ्यायला रेकॉर्ड केलं तेव्हा मोठं भांडं बरोबर 98 हर्ट्झला (सेकंदाला 98 कंपनं) बोलत होतं, म्हणजे पांढरी पाचच. बासचा षड्ज आणि संबळाची घुम एकात एक मिसळायची, गाणं जमिनीतून आल्यासारखं वाटायचं. जुलैच्या पहिल्या टेकला सुरुवात 98 ने झाली आणि पंचवीस मिनिटांनी चौथ्या टेकला तेच भांडं 87 वर. पांढरी पाचवरून थेट पांढरी चार! मधली काळी पट्टी धरून दोन पायऱ्या. मधल्या टेक्समध्ये ते काळी तीनच्या आसपास घुटमळत होतं आणि बासशी असं भांडत होतं की ऐकताना दात शिवशिवायचे.

कातडं दमट हवेत सैल पडतं हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्यामुळे आम्ही सगळे उपाय कातड्यावर केले. जुना शंभर वॅटचा पिवळा बल्ब शोधून (हल्ली सहसा दिसत नाहीत, आजीच्या माळ्यावर सापडला) त्याच्यासमोर संबळ तापवला. दहा मिनिटांत सूर वर आला, वाजवायला घेतल्यावर दहा मिनिटांत खाली. हेअर ड्रायरने केलं, वर गेला तो 103 ला, आणि काका म्हणाले, "हे काय, ताशा केलात माझा." ढोलकीवाल्या कारागिराकडे नेऊन दोऱ्या ताणून आणल्या. त्याने पैसे घेतले, वर म्हणाला की वाद्यात काही खोट नाही. खरं बोलत होता, पण तेव्हा माझा विश्वास बसला नाही. रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवायची सूचनाही आली होती, पण संबळ मावेल एवढा डबा चाळीत फक्त पाण्याचा असतो.

मग कॉम्प्युटरवर. उतरलेला टेक दोन पायऱ्या वर ढकलून बघितला. सूर जुळला, पण वाकड्या टोकाची काठी कातड्यावर घासून उठते तो 'घुंऽ' गेला आणि जागी प्लास्टिकची बादली आली. मेमधले सुटे ठोके कापून बसवू का, असं काकांना विचारलं. ते रागावले नाहीत, म्हणाले, "बसवा की. मग मला कशाला बोलावता?" तो विषय तिथेच संपला.

गुन्हेगार सापडला तो माझ्या बहिणीमुळे. तिने बाळाच्या खोलीसाठी तापमान आणि आर्द्रता दाखवणारं एक छोटं घड्याळ घेतलं होतं, ते आमच्या फळीवर विसरून गेली. टेकच्या आधी त्यावर 58 टक्के होते. चौथ्या टेकनंतर सहज नजर गेली तर 79! खोली 10 बाय 12. दारं बंद, खिडकीवर गोधड्या, आत चार माणसं घाम गाळतायत आणि आवाज नको म्हणून एसी बंद. आम्ही संबळ वाळवत होतो आणि त्याच वेळी खोलीला वाफ देत होतो.

त्याहून मोठा मूर्खपणा माझाच. एसीचा कॉम्प्रेसर घरघरतो म्हणून मधल्या काही टेक्सना मी एसीचा नुसता पंखा चालू ठेवला होता. थंड कॉइलवर हवेतलं जे पाणी जमलेलं असतं ते नुसत्या पंख्याने परत खोलीत उडतं. म्हणजे तासभर काढलेलं पाणी मी स्वतः दहा मिनिटांत परत भरत होतो. ज्यांच्याकडे घरचा स्टुडिओ आहे त्यांनी हे लिहून ठेवा: टेकच्या वेळी एसी बंद म्हणजे पूर्ण बंद, पंखासुद्धा.

आता रीत अशी. वीस मिनिटं एसीचा ड्राय मोड (हवा कोरडी करणारा), मग सगळं बंद, आत फक्त काका. आम्ही सगळे स्वयंपाकघरात हेडफोन लावून. तुणतुणंही नंतर वेगळं. सहा मिनिटांत एक टेक, की लगेच सगळे बाहेर आणि पुन्हा ड्राय मोड. 98 वरून साडेशहाण्णव, म्हणजे साधारण पाव पायरी. एवढं तर माणसाच्या गळ्यातही असतं.

पण एक गोष्ट अजून छळत होती. उतरताना सूर फक्त खाली जात नव्हता, मध्येच एकदम फुगायचा. 95 च्या आसपास आला की मीटर उडी मारायचा. शेवटी कागद घेतला. ध्वनीचा वेग आपल्या उकाड्यात सेकंदाला साधारण 347 मीटर, खोलीची लांबी 12 फूट म्हणजे 3.66 मीटर. भागाकार केला: 95 हर्ट्झ! एवढ्या कंपनाची अख्खी लाट दोन भिंतींच्या मध्ये चपखल बसते. म्हणजे संबळ उतरत उतरत खोलीच्या स्वतःच्या सुरात जाऊन पडत होता आणि खोली त्याच्याबरोबर गात होती. आणि काकांना मी बसवलं होतं भिंतीला टेकून, जिथे ही लाट सर्वांत जोरात असते.

हिशोबाने लांबीच्या पावावर, म्हणजे भिंतीपासून 3 फुटांवर, ती लाट शून्य असायला हवी. काकांची बैठक पुढे सरकवली, माइकही तिथेच आणला. फुगवटा गेला. एवढ्यासाठी मी गेल्या वर्षी ते काळे फोमचे चौकोन भिंतीला चिकटवले होते! ज्या दुकानदाराने 'साऊंडप्रूफ' म्हणून विकले त्याला माझं एकच सांगणं: ते फोम 95 हर्ट्झला इतकंच अडवतात जितकं मच्छरदाणी पावसाला. आजीच्या चार गोधड्या त्यांच्याहून बऱ्या, निदान वरच्या सुरांत तरी. खालच्यासाठी कोपऱ्यांत जाड रॉकवूलच (दगडी लोकर) लागणार. पैसे जमले की बघू.

बाकी थोडक्यात. तुणतुण्याचं कातडंही सैल पडतं आणि तारेचा सूर उतरतो, पण तिथे खुंटी पिळली की झालं. काकांचा पुतण्या दोन ओळींच्या मध्ये, हात न थांबवता पिळतो. माइक शुअरचा एसएम57, तुणतुण्याच्या कातड्यापासून वीतभर लांब, थोडा तिरका. पहिल्याच टेकला असा गोड आवाज आला की मी त्यावर ईक्यूचं (आवाजाचा पोत बदलायचं) एकही बटण फिरवलेलं नाही. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला महागडा कंडेन्सर माइक तुणतुण्यावर पत्र्यासारखा वाजला. गिटारची घरघर अजून आहे. घरापासून रूळ जवळ, वर 25 हजार व्होल्टची तार, त्यात माझ्या गिटारचे सिंगल कॉइल पिकअप, जे आसपासच्या विजेची घरघर सहज पकडतात. रुळांकडे पाठ करून थोडं तिरकं बसलं की निम्मी जाते. त्यामुळे अख्ख्या अल्बमभर मी ज्या दिशेला तोंड करून वाजवलंय ती दिशा कल्याणची आहे.

आता हे लिहिता लिहिता एक सुचतंय. तो फसलेला चौथा टेक, 87 चा, मी अजून पुसलेला नाही. आत्ता परत ऐकला. बासशिवाय, एकटाच, खोल, थकलेला वाजतोय. 'भोंगा' गिरण्यांवरचं गाणं आहे. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा आमच्या गायिकेचे आजोबा ह्याच भागात साच्यावर होते; नंतर भोंगा वाजला नाही, हे ती गाते. तर गाणं संपल्यावर दीड मिनिट हाच सैल संबळ आणि चाळीच्या पन्हळीतून पडणारं पाणी, एवढंच ठेवलं तर? सूर पांढरी चार, त्यामुळे गाणं जणू दोन पायऱ्या उतरून बसतं. बासवाल्याला आत्ता मेसेज केला. त्याचं उत्तर: "झोप." म्हणजे होकार धरतोय.

पाणी मात्र नीट रेकॉर्ड करावं लागेल, कारण खालच्या गल्लीत ढोलताशाचा सराव सुरू झालाय. संध्याकाळी सात ते दहा काही म्हणजे काही रेकॉर्ड होत नाही. पहाटे चारला उठायचं, दुसरा इलाज नाही.

तारखेचं: गणपती हुकला, हे कबूल. मिक्स घाईत उरकून आवाजाच्या पातळीचे उणे 14 एलयूएफएस वगैरे आकडे गाठता येतील, पण संबळाचा पहिला ठोका लिमिटरने (मोठे आवाज दाबणाऱ्या यंत्रणेने) चेपला तर हा महिना फुकट गेला. आता घटस्थापना धरतोय. खरं तर अंबेचा गोंधळ घालणाऱ्या वाद्याला तीच तारीख शोभते, आधी का सुचलं नाही कोण जाणे. वितरणाचा फॉर्म अर्धा भरून ठेवलाय. 3000 बाय 3000 पिक्सेलचं मुखपृष्ठ तयार आहे. दोन पारंपरिक पदांपुढे 'पारंपरिक' लिहिलं. आम्ही फक्त चाल मांडली आहे, तिथे स्वतःचं नाव घुसवणाऱ्या बँडांचा मला राग येतो. काकांचं नाव 'पाहुणे कलाकार' म्हणून नाही, आमच्याच रांगेत येणार आणि वाटाही सारखाच. ह्यावर बँडमध्ये एक मिनिटसुद्धा चर्चा झाली नाही. बँडच्या नावावर मात्र अजून चालू आहे, आणि फॉर्मचा पहिला रकाना तोच आहे.

काका पुढच्या रविवारी दुपारी परत येतायत, शेवटच्या कडव्याच्या दोन टेक्ससाठी. एवढ्या वेळा बोलावतो म्हणून मी माफी मागितली तर म्हणाले, "आषाढात कुणाची लग्नं नाहीत, मला कुठे जायचंय? तुमचंच लावून टाकू."

घड्याळ बहिणीने परत मागितलंय. दुसरं मिळेपर्यंत मी सापडत नाहीये.