नांदूर मध्यमेश्वरला निघताय? आधी आवर्तनाची चौकशी करा

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला जायचं ठरलं की बहुतेक जण विचारतात, "फ्लेमिंगो आलेत का?" त्याआधी विचारा, "आवर्तन (शेतीसाठी कालव्यात पाळीनं सोडलेलं पाणी) कधी सुटलं?" कारण हे आधी पाटबंधाऱ्याचं ठिकाण आहे, पक्ष्यांचं नंतर झालं. गोदावरी-कादवा संगमावरचा बंधारा १९०७ ते १९१३ या काळातला. वरच्या गंगापूर आणि दारणा धरणांतून सुटलेलं पाणी इथे येऊन डाव्या-उजव्या कालव्यात वळतं. वर्षानुवर्षांच्या पुरांनी बंधाऱ्यामागे गाळ साठवला, उथळ पाणी आणि बेटं तयार झाली, पक्षी येऊ लागले. १९८६ मध्ये अभयारण्य झालं, २०१९ मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा.

आम्ही डिसेंबरात उजाडताना चापडगावच्या पक्षीनिरीक्षण मनोऱ्यावर होतो. पाणी जरा उतरलेलं. उघड्या चिखलावर शेकाटे आणि तुतवार, मधल्या पाण्यात थापट्या बदकं. अगदी समोर एक जांभळी पाणकोंबडी लांब बोटं पसरून पानवेलीवर चालत होती. एका पायानं देठ धरायचा, चोचीनं सोलायचा आणि आतला गर तेवढा खायचा. तेवढ्यात दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी वरून गेला आणि विखुरलेले सगळे वारकरी (काळे पाणपक्षी) एका क्षणात गोळा झाले.

बांधावर भेटलेल्या एका काकांचा ऊस आणि गहू कालव्यावरच. पक्ष्यांसाठी पाण्याची पातळी धरून ठेवायला हवी, असं आम्ही म्हटल्यावर त्यांनी सरळ सांगितलं, "कालवा दाबानं चालला नाही तर टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटाला, पाणी पोचत नाही. तिकडच्यांनी काय करायचं?" हे खरं आहे, आणि पक्षीप्रेमींनी ते ऐकून घ्यायलाच हवं.

पण पाणी काठोकाठ असलं तर चिखलातल्या पक्ष्यांना पाय टेकायला जागा उरत नाही, आणि झपाट्यानं उतरलं तर बदकं उठतात, मासे डबक्यांत अडकतात. इथल्या माशांत अतिसंकटग्रस्त देवळाली मिनोही आहे. मला वाटतं, प्रश्न शेतीला पाणी किती द्यायचं हा नाहीच. पातळी किती वेगानं खाली येते हा आहे. वरून येणारं आणि कालव्यात जाणारं पाणी आवर्तनाच्या दिवसांत जुळवून घेतलं, तर टेलही भिजेल आणि पाणथळही टिकेल. पाटबंधारे आणि वन खात्यानं हे हिवाळ्याआधी एकत्र बसून ठरवावं, शेतकऱ्यांना सोबत घेऊन.

आता जाणाऱ्यांसाठी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. रेल्वेनं निफाड जवळचं, नाशिकहून गाडीनं साधारण तासभर. निफाडच्या पहाटेचा गारठा हलक्यात घेऊ नका. स्वेटर, कानटोपी हवीच. गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर-ट्रेलर असतात आणि पुष्कळांना मागे दिवे नसतात, म्हणून अंधारात गाडी बेतानं चालवा. गावातला गाईड घ्याच. कालच्यापेक्षा पाणी आज कुठे सरकलं हे त्यालाच ठाऊक असतं, आणि पक्ष्यांमुळे गावात चार पैसे आले तर गावही त्यांना जपतं. फोटोसाठी थवा उठवायला मात्र त्याला सांगू नका. हरभऱ्यात क्रौंच उतरलेले दिसले तर रस्त्यावरूनच बघा. शेतात पाय टाकायचाच असेल तर मालकाला विचारून.