आमची वाटचाल: छाटणीच्या हिशेबाने चालणारं ॲप

तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ, मिरज पूर्व भाग. सांगली जिल्ह्याच्या या द्राक्षपट्ट्यात दोन बागायतदार भेटले की पहिला प्रश्न ठरलेला: "बाग किती दिवसांची झाली?" म्हणजे छाटणीपासूनचे दिवस. विरळणी, डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणं), फवारणी सगळं त्या आकड्यावर चालतं. आमचं फवारणी-वहीचं ॲपही त्याच आकड्याभोवती बांधलंय. उघडलं की तारीख बारीक अक्षरात, बागेचा दिवस ठळक.

पुण्यातली नोकरी सोडून मी २०१९ मध्ये सांगलीत परतलो. विश्रामबागेत एक खोली, दोन टेबलं. कोड मी लिहितो, फोन ताई घेते. कर्ज नाही, गुंतवणूकदार नाही.

पैसे एकदाच घ्यायचे, हे सुरुवातीलाच ठरवलं. वर्षाची वर्गणी लावा असं सांगणारे पुष्कळ भेटले. पण बागायतदाराच्या हातात पैसा येतो माल गेल्यावर, तोही व्यापाऱ्याच्या सवडीनं. आमच्या पातळीच्या विक्रीवर गुगल १५ टक्के कापून घेतं, उरतं त्यात भागतं. (उधारीवर ॲप मिळत नाही, हे पाहुण्यांना सांगायचं काम मात्र ताईचं.)

नोंदी फोनमध्येच राहतात, एसक्यूलाइटमध्ये. हा डेटाबेस कुणाच्याही मालकीचा नाही, फुकट वापरता येतो आणि त्याला नेटवर्क लागत नाही. मळ्यात रेंज शोधत बांधावर उभं राहायची वेळ येत नाही.

आता अपडेटबद्दल, कारण सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच असते. फळछाटणीपासून (पावसाळा सरताना, फळासाठी होणारी छाटणी) जानेवारीपर्यंत आम्ही ॲपला हात लावत नाही. ऑक्टोबरात पाऊस लागला की डाऊनी या बुरशीरोगाच्या धास्तीनं माणूस रोज ब्लोअर (फवारणीचं यंत्र) काढतो. त्या घाईत कालचं बटण आज दुसरीकडे सापडलं, तर शिव्या आम्हालाच बसणार आणि त्या रास्तच. म्हणून नवीन काम खरडछाटणीनंतर (माल गेल्यावरची छाटणी), उन्हाळ्यात. गुगलची नव्या अँड्रॉइडला जुळवून घ्यायची मुदत दरवर्षी ऑगस्टअखेर असते, तीही आमच्या पथ्यावर पडते. अपवाद एकच, औषधांची यादी. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीत बदल झाला की तेवढी यादी हंगामातही बदलते. काढणीची अंदाजे तारीख भरली असेल, तर पीएचआयमध्ये (शेवटची फवारणी ते काढणी यांत सोडायचे किमान दिवस) न बसणारं औषध ॲप लाल दाखवतं. कुठलं मारा हे सांगत नाही. औषध कंपन्यांच्या जाहिराती घेतल्या असत्या तर खोलीचे दोन गाळे झाले असते, पण मग त्या लाल रंगावर विश्वास कोण ठेवणार?

यंदाचे बदल थोडे आहेत. एकाच बागेची छाटणी तुकड्यातुकड्यानं होते, तेव्हा प्रत्येक तुकड्याला आता वेगळा दिवस देता येतो. छाटणीचा दिवस शून्य धरायचा की एक, हेही तुम्हीच ठरवा. यावर गावागणिक वाद आहेत, आम्ही त्यात पडत नाही. आणि शोध सुधारलाय. 'पायऱ्यांच्या विहिरीची बाग' एका फोनवर सापडायची, दुसऱ्यावर नाही. कारण 'ऱ्या' युनिकोडमध्ये (फोन-संगणक अक्षरं साठवतात त्या संकेतात) दोन तऱ्हांनी लिहिता येतो आणि प्रत्येक कीबोर्ड आपापली तऱ्हा धरतो. दिसायला सारखं, फोनच्या लेखी वेगळं. आता दोन्ही एकच धरले जातात.

आमचं नसलेलं, पण फोनमध्ये असावंच असं एक ॲप म्हणजे पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी'. जवळपास वीज पडायचा धोका असेल तर इशारा देतं. वळवाच्या दिवसांत मांडवाच्या तारांखाली काम करणाऱ्यानं ते आजच घ्यावं. हवामान खात्याचं 'मेघदूत' मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी सल्ला देतं, तेही चांगलं. आणि मराठी ॲप करणाऱ्या पोरांसाठी: 'एक टाइप'चा मुक्ता फॉन्ट वापरा. मोफत आहे, जोडाक्षरं स्वच्छ येतात, उन्हातही वाचता येतात.

आयफोनवर कधी, असं विचारणारी बहुतेक पुण्या-मुंबईत नोकरीला असलेली मुलं असतात. बाग बघणाऱ्या वडिलांकडे अँड्रॉइडच असतो. गुगलकडे खातं उघडायला एकदाच २५ डॉलर लागतात, ॲपलकडे दरवर्षी ९९. तूर्तास वडिलांनी नोंदींची पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवावी. ते बटण पहिल्याच पानावर, खाली उजवीकडे आहे.